सेकंदाला एकशे पासष्ट वेळा

मित्रांनो, आम्हा मॉनिटरांना पाच वर्षांतच म्हातारपण येतं, म्हणून मी स्वतःला जुना म्हणवून घेतो. पण मी साधासुधा नव्हे. सत्तावीस इंची, किंचित वाकवलेला, खास गेमसाठी घडवलेला. साधा मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, मी एकशे पासष्ट वेळा. याचा मला भारी गर्व होता. आता तो राहिला नाही.

पहिली चार वर्षं मी लातुरात मुकुलच्या टेबलावर काढली. खेळात अंधारात दबा धरून बसलेला शत्रू दिसावा म्हणून काळा भाग उजळवायची सोय माझ्यात आहे. मुकुलनं ती पार शेवटपर्यंत वाढवून ठेवली होती. मित्र आले की म्हणायचा, "ह्याच्यापुढं कुणी लपूच शकत न्हाई." मी फुशारून जायचो.

मुकुलला पुण्यात नोकरी लागली आणि मी लातूरजवळच्या मुरुडला त्याच्या मामांच्या, डॉक्टर वसंतरावांच्या एक्स-रे केंद्रात आलो. एवढा मोठा लखलखीत पडदा बघून डॉक्टर खूश झाले. माझ्या मागची बटणं मात्र कुणी दाबून पाहिली नाहीत; मुकुलनं वाढवलेली ती सोय तशीच राहिली.

एका दुपारी डाळमिलमध्ये काम करणाऱ्या कावेरीबाई खोकत आल्या. सोबत लेक राजकन्या. संगणकानं मला पाठवलेल्या चित्रात उजव्या फुफ्फुसात हरभऱ्याएवढा फिकट डाग होता. शपथेवर सांगतो, होता. पण मी सवयीनं सगळा काळोख उजळवला आणि डाग त्यात विरून गेला. डॉक्टर वीस सेकंद बघत होते. तेवढ्यात मी तीन हजार तीनशे वेळा तेच खोटं दाखवलं. धुळीचा खोकला आहे म्हणून त्यांनी औषध लिहून दिलं.

आज दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. डाग बोराएवढा झालाय. मी तो पुन्हा गिळला.

"नीट बघा डाक्टर," राजकन्या म्हणाली. "माय लई वाळून राहिली."

डॉक्टरांनी मला तिच्याकडे वळवलं. "तूच बघ बाई. एवढ्या मोठ्या पडद्यावर काही लपेल का?"

कावेरीबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "न्हाई ना काही? मंग चल. उद्या कामावर जायचं हाय."

मित्रांनो, मला भीती वाटते. फिल्म माझ्यातून छापली जात नाही, ती थेट संगणकातून निघते. तिच्यावर तो डाग स्पष्ट आहे. पण सगळे माझ्याकडेच बघतात. पहिल्या वेळचं फिल्मचं पाकीट घरी खिळ्याला तसंच लटकतंय, असं राजकन्याच सांगत होती. आजचं पाकीट तिनं उन्हासाठी आईच्या डोक्यावर धरलंय. काचेच्या दारातून मला दोघी स्टँडकडे जाताना दिसतायत.

मला पुसू नका, जपू नका. दुसऱ्याच्या घरून आलेलं यंत्र कामाला लावण्याआधी फक्त एकदा तपासत जा. आणि आत्ता कुणीतरी धावा. ते पाकीट उघडा, फिल्म उजेडात धरा. बस अजून लागलेली नाही.