रद्द केलं कोणी?

आनंदराज सोनकांबळे नांदेडच्या एका बँकेत कॅशियर. काउंटरवर तो साहेबाचीही भीड ठेवत नसे. पण बाहेर कुणी आडनाव विचारलं, की "आम्ही देगलूरचे" म्हणून वेळ मारून नेई. त्याला हसू नका, वाचकहो. माणसाला ही सवय का लागते, ते आधी विचारा.

लेक लुंबिनीची लातूरला परीक्षा होती. त्याने ॲपवरून दोन दिवसांसाठी एक घर ठरवलं, पैसेही भरले. मालकाने दारात हसून स्वागत केलं. गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. लुंबिनीने ते सरळ सांगून टाकलं आणि मालकाचं हसू मावळलं.

"नळाला पाणीच न्हाई हो. तुम्हीच बुकिंग कॅन्सल करा."

मागे अंगणात नळ धो धो वाहत होता!

आनंदराजने मुकाट्याने बुकिंग रद्द केलं. ॲपने कारण विचारलं, तेव्हा 'वैयक्तिक' निवडलं. लॉजवर राहून परीक्षा पार पडली. घरी आल्यावर पाहतो तर सगळं भाडं कॅन्सलेशन चार्ज म्हणून कापलेलं.

"जाऊ दे," तो बायकोला म्हणाला. "कुठं वाद घालत बसायचं?"

महामाया शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "पैशाचं सोडा हो. पण कारण वैयक्तिक लिहिलं तुम्ही. म्हंजे दोष आपलाच, असं पोरीनं समजायचं का?"

लुंबिनीने हळूच विचारलं, "पप्पा, मी आडनाव सांगितलं, ते चुकलं का माझं?"

"न्हाई पोरी, चुकलं ते माझं," आनंदराज म्हणाला. त्याने तडक ॲपच्या कंपनीला फोन लावला.

"सर, बुकिंग तुम्हीच रद्द केलंय," पलीकडची मुलगी म्हणाली. "कारणही वैयक्तिक आहे."

"ते खोटं लिहिलं मी! खरं लिहून घ्या. आडनाव ऐकलं अन् दारातून वापस पाठवलं आम्हाला. रद्द मी न्हाई, मालकानं केलं!"

तिने जुन्या नोंदी चाळल्या आणि म्हणाली, "सर, या घराबद्दल अशीच एक तक्रार आधीही आलीय. एकट्याची म्हणून मागे पडली होती."

चौकशी झाली. पैसे परत आले आणि ते घर ॲपवरून निघालं.

पुढे प्रवेशासाठी पुन्हा लातूरला जायचं झालं. या वेळी ॲपवरून दुसरं घर घेतलं आणि आनंदराजने दारातच, कुणी विचारायच्या आत पूर्ण नाव सांगितलं.

"या, सोनकांबळे साहेब," मालकीणबाई म्हणाल्या. "चहा टाकते."

लुंबिनी बापाकडे बघून हसली.

मित्रहो, लाज अन्याय करणाऱ्याला वाटावी, सोसणाऱ्याला नव्हे. आपण गप्प बसलो, तर आपल्या आधी बोललेला माणूसही एकटा पडतो!