न वाजलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक आहे. पण गाडी चालवणाऱ्याच्या पायाशी असतो तो थोरला ब्रेक मी नव्हे. मी धाकटा. गाडी शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या मोटारीत, शेजारच्या सीटपुढे, त्यांच्या पायाखाली माझी जागा होती. गॅरेजातल्या मिस्त्रीने मला लोखंडी पट्टीतून घडवले, अंगावर रबर चढवले आणि एका दांडीने थोरल्या भावाशी जोडून दिले. मला दाबले की तोही खाली जाई. शिकणाऱ्याचे चुकले तर सावरायचे, एवढेच माझे काम.

आमचे मास्तर म्हणजे देवमाणूस. किल्ली लावण्याआधी ते प्रदक्षिणा घातल्यासारखे गाडीभोवती एकदा फिरत. चाकात हवा आहे ना, खाली एखादे मांजर निजले नाही ना, सगळे वाकून बघत. मग पट्टा लावायचा, फोन कप्प्यात टाकायचा आणि मगच किल्ली. “पुढच्या गाडीशी सलगी नको, आणि शंका आली की पाय ब्रेकवर,” हे त्यांचे पालुपद. हजार वेळा म्हटले असेल, पण दर वेळी मनापासून. ऐकणाऱ्याला वाटे, हे आत्ताच आपल्यासाठी सुचले आहे.

एकदा त्यांच्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई शिकायला आल्या. त्यांच्या आईला आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात न्यावे लागे. नेणारा भाऊ नोकरीसाठी दूर गेला होता. आता त्याची गाडी दारात उभी होती आणि चालवणारे कोणी नव्हते. आईला घरी एकटे ठेवता येत नसे, म्हणून ती मागच्या सीटवर बसून येई. अंगात बळ नव्हते, पण जीभ ठणठणीत. लेकीने वळण घेतले की म्हणे, “सरळ शिवायचं सोडून झालर कशाला लावतेस?”

बाई हुशार होत्या, पण पहिल्या दिवशी गाडी बंद पडली तेव्हा त्या किल्ली काढून मास्तरांना परत द्यायला निघाल्या. मास्तरांच्या ते मनाला लागले. तेव्हापासून ते मला इतके हळुवार दाबू लागले की बाईंना कळूही नये. चौक आला, मी दबलो. समोर सायकल आली, मी दबलो. गाडी अलगद थांबे आणि बाईंचा चेहरा उजळे. मलाही फुशारकी वाटे. महिनाभराने त्या म्हणाल्या, आता जमले, सोमवारपासून आईला मीच नेते.

त्या दिवशी मास्तरांनी पहिल्यांदा समोरचा रस्ता सोडून बाईंच्या पायाकडे निरखून पाहिले. पाहतात तर काय, समोर काही आले की बाई वेगाच्या पेडलवरचा पाय नुसता उचलून धरत होत्या. विजेच्या शिलाई मशीनवर वीस वर्षे काढलेला तो पाय. मशीनवरचा पाय उचलला की सुई थांबते. गाडी तशी थांबत नाही, ती पुढे जातच राहते. पण बाईंना हे कधी कळलेच नव्हते, कारण दर वेळी मी मध्ये पडत होतो. माझ्या रबराखाली गारठा उतरला. सोमवारी त्यांच्या गाडीत मी नसणार होतो, आणि मागे आई असणार होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एक छोटी पितळी घंटी आणून माझ्या पट्टीला तारेने बांधली. मी दबलो की घंटी वाजणार. पहिल्याच फेरीत ती सतरा वेळा वाजली. बाईंनी गाडी कडेला घेतली. डोळे भरून आले होते.

“म्हणजे इतके दिवस गाडी तुम्हीच थांबवत होता?”

“हो, ताई. तुमचा धीर सुटू नये म्हणून केलं. चूक माझी आहे.”

मित्रांनो, शिकवणारे कित्येक असतील, पण शिष्यापुढे अशी चूक कबूल करणारे आमचे मास्तरच. मागून आई म्हणाली, “रडणं झालं असेल तर चल. उसवलं तरच नीट शिवता येतं.”

सोमवार पुढे ढकलला. शेजाऱ्यांची विनवणी करून आईच्या फेऱ्या निभावल्या. बाई रोज यायच्या. घंटी सतरावरून नऊवर आली, मग चारवर. रात्री स्वयंपाक करतानासुद्धा आपण पाय उचलून बाजूला दाबतो, असे त्या हसत सांगत.

मग तो दिवस आला. थांब्यावर एक बस उभी होती. मास्तरांचा पाय माझ्यापासून बोटभर वर येऊन थांबला, आणि मी श्वास रोखला. बाईंनी बस दिसताच वेग कमी केला, पाय ब्रेकवर आणून ठेवला. तेवढ्यात बसच्या पुढून पिशवी सावरत एक म्हातारे गृहस्थ रस्त्यात उतरले. बाईंच्या पायाखाली माझा थोरला भाऊ दबला. गाडी त्यांच्यापासून चार हात अलीकडे थांबली. म्हाताऱ्यांनी मानही वळवली नाही, आपल्या तंद्रीत पलीकडे गेले.

“घंटी बिघडली का हो, मास्तर?” आईने विचारले.

“नाही, मावशी. तिचं काम झालं.”

मास्तरांनी घंटी सोडवून बाईंच्या हातात दिली. ती त्यांनी आपल्या गाडीच्या किल्लीला अडकवली. मला आयुष्यात पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण न दबता मिळालेली ती सर्वांत मोठी.

पुढे आमची मोटार थकली, मोडीत गेली. मास्तरांनी मला तेवढे काढून घेतले. आता मी त्यांच्या शिकवणीच्या खोलीत भिंतीवर खिळ्याला लटकतो. इस्पितळातून परतताना मायलेकी कधी कधी डोकावतात. आधी किल्लीची घंटी ऐकू येते, मग आईचा टोमणा.

मित्रांनो, मोठे व्हाल, गाडी चालवाल. पट्टा लावा, फोन कप्प्यात ठेवा, वेग आवरा. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस कोणाचे तरी आईबाप आहे, कोणाचे तरी लेकरू आहे. वेळ आली की कोणी तरी सावरून घेईल, या भरवशावर मात्र राहू नका. मी इथे भिंतीवर आहे. तुमच्या गाडीत एकच ब्रेक असेल, आणि तो तुमच्या पायाशी.