डावा हात, उजवा हात

स्पास्काबाईंच्या मनगटावर त्या मार्चात दोनच मार्तेनित्सा, म्हणजे वसंत आला की आवडत्या माणसाला बांधायचे दोरे, होत्या, आणि त्यातली एक त्यांनी स्वतःच बांधली होती. शाळेतल्या नव्या शिक्षिकेचा, रालित्साचा हात मात्र लाल-पांढऱ्या दोऱ्यांनी कोपरापर्यंत भरला होता. पोरांनी रांग लावून बांधले होते म्हणे. शिक्षकांच्या खोलीत ती कॉफी ढवळायला लागली की ते गोंडे कपात बुडायचे आणि ती हसायची. स्पास्काबाईंना ते हसणं नकोसं व्हायचं.

बरं, नुसत्या दोऱ्यांचं असतं तर बाईंनी गिळलंही असतं. पण डॅन्यूबकाठच्या त्या गावातली निम्मी घरं पोटापाण्यासाठी जर्मनीला निघून गेलेली, वर्ग ओस पडत चाललेले. पुढच्या वर्षी जीवशास्त्राचे तास एकीलाच पुरणार होते. एक तर स्पास्काबाई, ज्यांनी निम्म्या गावाला पेशी आणि पाकळ्या शिकवल्या, नाही तर ही कालची पोर. ठरणार होतं रालित्साच्या खुल्या पाठावर. इन्स्पेक्टर पेन्कोव स्वतः येऊन बसणार होते.

"तालीम घेतलीस का गं मुलांची?" आदल्या दिवशी बाईंनी आवाजात साखर घोळून विचारलं.

"कसली तालीम, स्पास्काबाई? त्यांना आधीच सांगितलं तर मग शिकवायचं काय?"

"हो, तेही खरंच," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बिनतालमीचा खुला पाठ! अख्ख्या नोकरीत असला वेडेपणा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या शेवटच्या बाकावर इन्स्पेक्टरसाहेबांशेजारी जाऊन बसल्या. सातवीचा वर्ग. गेली दोन वर्षं त्यांच्याच हाताखालचा, यंदा मुख्याध्यापकांनी काढून रालित्साला दिलेला. तेही दुखणं होतंच. पुढे टेबलावर दोन थर्मास ठेवले होते.

"आपण श्वास घेतो," रालित्साने सुरुवात केली. "झाडं उजेडात आपलं अन्न तयार करतात, हे तुम्ही शिकलात. मग मला सांगा, दिवसा झाड श्वास घेतं का?"

क्षणात सगळ्या वर्गाचे हात वर गेले. एकही खाली नाही. इन्स्पेक्टरांनी खुशीत मान डोलावली.

स्पास्काबाई मात्र गालातल्या गालात हसल्या. कारण ते सगळे हात डावे होते.

ही शिकवण बाईंचीच. कोणी तपासायला आलं की हात सगळ्यांनीच वर करायचे. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. बाई विचारायच्या ते फक्त उजव्यांना, आणि आजवरचा प्रत्येक साहेब त्यांच्या वर्गावर खूश होऊन गेला होता. या पोरीला बिचारीला त्यातलं काय ठाऊक!

"दिल्याना, तू सांग."

दिल्याना उभी राहिली. "माहीत नाही, बाई."

"बरं. मिन्को?"

"मलाही नाही माहीत. पण आजी रात्री कुंड्या खोलीबाहेर काढते. म्हणते, रात्री झाडं हवा खातात, आपण गुदमरू."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्या स्वतःही रोज रात्री कुंड्या बाहेर काढत. रालित्साने तिसऱ्याला विचारलं, चौथ्याला विचारलं, तेच उत्तर. तिचे कान लाल झाले. स्पास्काबाईंना वाटलं, आता पुढच्या वर्षीचे तास आपल्या पदरात पडलेच.

"अरे, येत नाही तर हात कशाला वर करता?" इन्स्पेक्टर वैतागून म्हणाले.

मिन्कोला तो अन्याय सहन झाला नाही. "साहेब, डावाच केला होता की!"

"डावा म्हणजे?"

"डावा म्हणजे येत नाही. उजवा म्हणजे येतं."

एवढं बोलून तो मागे वळला, त्याच्याबरोबर सगळा वर्ग वळला, आणि सगळे डोळे शेवटच्या बाकावर येऊन थांबले. रालित्साने एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. तिला सगळं कळलं, हे बाईंनाही कळलं.

"ती आमच्या वर्गाची खूण आहे, साहेब," रालित्सा शांतपणे म्हणाली. "म्हणजे कोणाला समजावून सांगायचंय ते मला लगेच दिसतं. आज सगळेच डावे आहेत, तर या सगळ्यांनी पुढे."

एका थर्मासात मोड आलेला घेवडा होता, दुसऱ्यात उकडून गार केलेला. पोरांनी आळीपाळीने हात घातले.

"बाई, हा मोडाचा गरम आहे! चुलीवर ठेवला होता?"

"नाही. रात्रभर असाच होता. मग ऊब कुठून आली?"

भांडाभांडी झाली, तर्क झाले. शेवटी दिल्यानाच म्हणाली, "तो जिवंत आहे. श्वास घेतोय. आपलं अंग गरम असतं तसं."

"आणि झाड? सकाळ झाली की श्वास थांबवतं?"

"कसं थांबवेल? मरेल ना! दिवसा अन्नही बनवतं आणि श्वासही घेतं. रात्री नुसता श्वास."

"मग दिवसा झाड श्वास घेतं का?"

उजवे हात वर गेले, एकामागून एक. मिन्कोचाही. दोन वर्षांत बाईंनी त्याचा उजवा हात कधी पाहिला नव्हता. हे त्यांना इतकं लागलं की तासांचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं.

पाठ संपल्यावर इन्स्पेक्टर उठले, रालित्साचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुख्याध्यापकांना म्हणाले, "पुढच्या वर्षी कोण, हा प्रश्न आता उरला नाही." मग त्यांना शेजारच्या बाईंची आठवण झाली. "स्पास्काबाई, तुम्ही इतकी वर्षं शिकवताय. ती डाव्या हाताची युक्ती तुम्हाला कधी सुचली होती का? न येणाऱ्या पोराला लाज वाटू नये म्हणून! असलं सुचायला मुलांवर जीव असावा लागतो."

रालित्सा बाईंकडे बघत होती. युक्ती माझी, एवढं बाईंनी म्हटलं असतं तर तिने होकार दिला असता, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. आणि मग साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता, की बाई, तुम्ही ती कशासाठी वापरत होता?

"नाही, साहेब," स्पास्काबाई म्हणाल्या. "मला नाही सुचली."