धुराड्याची जीप

टण् करून चमचा वाटीवर आपटला. पहाटेपासून घरात कुणी बोललं नव्हतं, म्हणून तो एवढासा आवाज फार मोठा वाटला. मी कोकीला कोमट पाणी पाजत होते. तिनं घोट घेतला आणि तो सगळा नाकातून परत आला. चार वर्षांची माझी लेक मान पुढं ताणून बसली होती. श्वास घेतला की तिच्या गळ्यात करवत ओढल्यासारखा आवाज व्हायचा.

आदल्या संध्याकाळी कंपाउंडरनं टॉर्च लावून घसा पाहिला होता. आत राखाडी पापुद्रा धरला होता. "घटसर्प," तो म्हणाला. "याचं इंजेक्शन बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यातच भेटते. घसा बंद व्हायच्या आत पोचवा." पण नाल्याला पूर होता. रात्रभर पाणी उतरायची वाट पाहिली. सकाळी ते मांडीइतकं झालं.

बैलगाडीनं निघालो असतो तर मोताळ्याच्या डांबरी रस्त्यालाच दुपार झाली असती. तेवढा वेळ कोकीजवळ नव्हता. जीप मात्र होती, गावातली एकुलती एक, मिलिटरीच्या लिलावातली. घेतल्यापासून कोकीचे बाबा तिला काही ना काही लावत होते. पुढं जाड लोखंडी बंपर, त्यावर चार मोठे लाइट, खोल खाचांचे नवे टायर. आणि मागचा धुराचा पाइप खामगावला वेल्डिंग करून पार टपाच्या वर काढलेला.

माझे सासरे शालिग्राम, त्यांना मी मामाजी म्हणते आणि कोकी आबा, लढाईत ब्रह्मदेशच्या चिखलातून ह्याच गाड्या हाकून आलेले. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते त्या पाइपवरून हात फिरवायचे आणि लेकाला विचारायचे, "हिंमत, हे चुलीचं धुराडं कायले लावलं बे? भाकरी भाजतं का गाडीत?"

"बुवा, तुमचा जमाना गेला. सामान चांगलं पाह्यजे. मंग ड्रायव्हर कोनीबी चालते."

"हाव. मंग लाइटालेच सांगजो चालवाले."

त्या सकाळी लाइटांनीच घात केला. पाणी किती उतरलं ते पाहायला ह्यांनी रात्री नाल्याच्या काठी चारी लाइट जाळत ठेवले होते. त्यात बॅटरी उतरली; गाडी कशीबशी घरी आणली, पण आता स्टार्टर दाबला तर तिनं नुसतं कण्हल्यासारखं केलं. हे इंजिन हातानं फिरवायचं हँडल घेऊन पुढं गेले.

ओट्यावरून मामाजी ओरडले, "अंगठा बोटाच्या बाजूनं ठेव! मूठ वळू नोको!"

"माहीत हाय, बुवा!"

माहीत होतंच. पण आत लेक तशी घरघरत होती, आणि माणूस घाईत मूठच वळतो. इंजिननं उलटा झटका दिला. काहीतरी कडकन मोडल्याचं मला घरात ऐकू आलं. मी कोकीला कडेवर घेऊन बाहेर धावले, तर हे चिखलात गुडघ्यावर बसलेले, उजवा हात छातीशी धरलेला, मनगट भलतीकडेच वळलेलं.

एक माणूस एका हाताचा, एक माणूस डोळ्यांनी अधू. अंगणात जीप उभी. कोकीनं माझ्या मानेत तोंड खुपसलं. तिचा श्वास गरम होता आणि थांबत थांबत येत होता.

"सूनबाई चालवन," मामाजी म्हणाले.

"काय?" ह्यांनी मान वर केली.

"तू बैलगाडीनं कापूस घेऊन जिनिंगवर जाशीन तवा आमी जीप घेऊन पडीत वावरात जावो. आधी म्या चालवो, थे मले समोरचं सांगे. मंग म्हटलं, सांगतेच हायेस तं तूच बस."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. तशी नजर लग्नानंतर मी कधी पाहिली नव्हती. राग म्हणावा तर राग नाही. आपल्याच घरात एखादं दार आहे आणि आपल्याला ते माहीत नव्हतं, तशी. मी तेवढंच म्हणाले, "आहो, लेकरू." ते उठले.

मामाजी चाचपत गाडीच्या चाकापाशी बसले. टायरला अंगठा दाबून म्हणाले, "दगडासारखं टनक केलं. चारीच्या चारी चाकातली हवा सोड, निम्मी."

"बुवा, नवे टायर हायेत! वाट लागन त्याइची."

"कोनाची वाट लागाची थे तूच ठरव."

ह्यांनी डाव्या हातानं आगपेटीतली काडी काढली आणि स्वतःच व्हॉल्व्हवर दाबून धरली. सू करून हवा जात होती, आणि चाक हळूहळू फताडं होत होतं, काळ्या मातीवर उंटाचा पाय बसावा तसं. समोरच्या जाळीला पोतं बांधलं, पाणी इंजिनवर उडू नये म्हणून. मग मामाजींनी हँडल हाती घेतलं. अंगठा बोटांच्या बाजूला. एकच झटका, खालून वर. गाडी धडधडली.

"आता हे बंद पडू देऊ नोको," ते माझ्या शेजारी चढत म्हणाले. "पान्यात हँडल माराले कोनी येत नाही."

मी स्टिअरिंगवर बसले. लुगड्याचा काष्टा घट्ट केला. मागं हे कोकीला मांडीवर घेऊन बसले, चांगल्या हातानं कवटाळून. इंजिनच्या आवाजात तिची घरघर ऐकू येईना, आणि मला तेच सोसवेना. दिवसरात्र जो आवाज नको वाटत होता त्याच्यासाठी कान आसुसले.

"श्वास हाय?" मी न वळता विचारलं.

"हाव."

नाल्याचा उतार आला. मामाजींनी विचारलं, "काय दिसते?"

"बैलगाडीच्या चाकोऱ्या. पान्यानं भरल्या."

"त्याइच्यात उतरू नोको. एक चाक मधातल्या उंचवट्यावर, दुसरं भायेर. छोटा गिअर टाक. ब्रेकवरचा पाय काढ."

"मामाजी, घसरन."

"ब्रेक दाबशीन तं घसरन. इंजिनच धरून ठेवन तिले. काढ पाय."

मी पाय काढला. गाडी दात खाल्ल्यासारखी गुरगुरत उतरायला लागली. मागचा भाग एकदा डावीकडं सरकला, मग परत ओळीत आला.

"श्वास हाय?"

"हाव. तू समोर पाह्य."

पाणी आलं. आधी चाकाला, मग पायाखालच्या पत्र्यावर. "ढकलत चाल," मामाजी म्हणत होते, "उडवू नोको. आपल्या समोर लाट चालली पाह्यजे, आन आपन तिच्या मांगं." लाट खरंच चालली होती, गढूळ आणि मंद. तळाशी गोटे होते, चाकं एकेकाला चढत उतरत होती. मी पुन्हा विचारलं.

"श्वास हाय?"

उत्तर आलं नाही.

"आहो! श्वास हाय?"

काहीच नाही. फक्त पाणी. माझा उजवा पाय आपोआप वर आला आणि मी मागं वळले. इंजिन घसरलं, धक् धक्, दोन ठोक्यांमध्ये केवढं अंतर. लाट पुढं निघून गेली आणि पाणी परत फिरून मागच्या बाजूनं गाडीला भिडलं.

"समोर!" मामाजींनी माझ्या गुडघ्यावर मूठ मारली. "तू डाक्तर नाहीस! दाब!"

मी दाबलं. इंजिन खोकललं. आता पाइपात पाणी शिरायचं आणि सगळं संपायचं. पण पाइप तर टपाच्या वर होता. त्यातून काळा धूर भसकन निघाला आणि गाडीनं पुन्हा जीव धरला. मामाजी क्षणभर कान देऊन बसले. मग पुटपुटले, "धुराडं कामाचं निघालं बे."

आणि तेव्हा मागून आवाज आला, "हाव. हाय. तोंडात चिकट आलं होतं, बोटानं काढून राह्यलो होतो."

माझ्या डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. पलीकडचा चढ समोर होता. अर्ध्यावर चाकं फिरायला लागली, काळा चिखल दोन्ही बाजूंनी उडाला. सगळं अंग सांगत होतं, जोरानं दाब. मामाजी सांगत होते, "नोको दाबू! तेवढंच ठेव. स्टिअरिंग हलव, जरासं डावं, जरासं उजवं. लेकराले पाळण्यात झोके देतं तसं." मी हलवलं. मऊ पडलेल्या चाकांनी कुठंतरी कड पकडली. एक वीत. आणखी एक वीत. मग आभाळ खाली आलं, रस्ता दिसला.

डांबरीला लागल्यावर मामाजी मागं जाऊन कोकीला घेऊन बसले आणि हे माझ्या बाजूला आले. मोताळ्याच्या पुढं राजूरच्या घाटात वळणावर मला क्लच, स्टिअरिंग आणि गिअर एका वेळी जमेना. मिलिटरीची गाडी, स्टिअरिंग डावीकडं. ह्यांनी आपला डावा हात गिअरच्या दांडीवर ठेवला. मी क्लच दाबायची, ते गिअर टाकायचे. दुखण्यानं त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एका वळणावर मी त्यांच्याकडं पाहिलं, तर ते माझ्याकडंच पाहत होते. "चांगलं घेऊन राह्यली," ते हळूच म्हणाले. घाट संपेपर्यंत मला तेवढं पुरलं.

इंजेक्शन वेळेत मिळालं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर सांगता आलं नसतं. काही दिवसांनी पापुद्रा सुटला, ताप उतरला, आणि कोकी घोगऱ्या आवाजात पेज मागायला लागली. मी तिच्या अंगावरून हात फिरवत बसायची. श्वास मोजायची सवय जात नव्हती.

घरी परतल्यावर एका दुपारी गावचे उकंडराव पाटील भेटायला आले. ह्यांचा हात प्लास्टरमध्ये, मामाजी भिंतीला टेकून बसलेले. उकंडरावांनी कोकीच्या हातात शेगावचा प्रसाद ठेवला आणि हसत म्हणाले, "हिंमतराव, गावात काय आइकू येऊन राह्यलं? बायकोनं गाडी काढली म्हने नाल्यातून! आता तुमी घरी भाकरी थापसान का?"

हे माझ्याकडं पाहत नव्हते.

"काहीबी बोलतेत लोकं," ते म्हणाले. "बुवा होते ना. बुवांनी काढली. आन टायर नवे होते, त्याच्यानं निभावलं."

"तेच म्हनतो मी! मिलिटरीचा हात हाय शेवटी!" उकंडरावांनी मामाजींच्या पाठीवर थाप मारली. मामाजींनी तोंड उघडलं, लेकाच्या दिशेनं चेहरा वळवला, आणि मग नुसतेच खाकरले.

मी पेजेचं भांडं उचललं आणि कोकीजवळ बसले. ती प्रसादाचा पेढा हातात धरून आळीपाळीनं आम्हा तिघांकडं पाहत होती. उकंडराव दाराबाहेर गेले न गेले तोच तिनं माझा पदर ओढला. आवाज अजून घोगराच, पण खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा.

"आई, आबाले तं दिसतच नाही. मंग बाबा काऊन म्हनते का गाडी आबानं चालवली?"