शनिवारपुरता कुत्रा

मी काळा कुत्रा बोलतोय. झाशीतल्या ओरछा गेटच्या आतल्या बोळात, शेवड्यांच्या पायरीवर राहणारा. नावाचं म्हणाल तर शेवड्यांची अनुया मला कालू म्हणते. समोरच्या भानुमतीबाई 'मरे', म्हणजे आपलं 'मेल्या', म्हणतात. आणि अनुयाचे वडील अंबरीशजी दर शनिवारी हात जोडून 'महाराज' म्हणतात. रविवार ते शुक्रवार तेही 'हट' म्हणतात. मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ऐकायचं असेल तर बसा.

माझा जन्म पिठाच्या गिरणीच्या फळीखाली झाला. आई मालाच्या टेम्पोखाली गेली तेव्हा माझे डोळे नुकते उघडले होते. अनुया त्या वेळी फ्रॉक घालणारी पोर. तिनं मला उचलून घरी आणलं.

"आई, देखो ना, कितना छोटा है!"

तिच्या आईनं, स्नेहलताबाईंनी, दारातच हात आडवा धरला. "आत आणायचं नाही हं. घरात देवघर आहे, सोवळंओवळं आहे. पायरीवर राहू दे त्याला."

राहिलो. तिसरी पायरी माझी झाली. रंगाच्या डब्याचं झाकण हे माझं ताट, आणि स्वयंपाक उरकल्यावर शेवटची पोळी माझी. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. आपलं घर आहे, आपण जरा बाहेरच्या बाजूला राहतो, एवढंच मी समजत होतो.

त्या घरासाठी मी डोळ्यात तेल घालून राखण केली. बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांना माकडांचा हात लागू दिला नाही. टुल्लू पंप काढून न्यायला आलेल्या एका इसमाची पँट मी फाडली. तो पंप आजही शेवड्यांच्या टाकीत पाणी चढवतो. अनुयाला शिकवणीहून यायला उशीर झाला की मी गेटपर्यंत जाऊन तिला घेऊन यायचो. असलं काही मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग अंबरीशजींना साडेसाती लागली. मानिक चौकातल्या कुणा ज्योतिषानं सांगितलं, शनिवारी काळ्या कुत्र्याला मोहरीचं तेल लावलेली पोळी घाला. झालं! कालपर्यंत ज्यांची चप्पल माझ्या दिशेनं यायची ते माझ्यापुढे वाकू लागले. "लीजिए महाराज, ग्रहण कीजिए." लांबच्या गल्लीतले लोकही यायचे. एक गृहस्थ तर माझ्या छातीवर चार पांढरे केस दिसले म्हणून पोळी उचलून परत घेऊन गेले. माणसं देवालाही इतकं निरखून पाहत नसतील. भानुमतीबाई मात्र कधी पोळी घेऊन आल्या नाहीत. त्यांच्या ओट्यावर पाय ठेवला की तांब्याभर पाणी अंगावर. त्यांच्यावर माझा फार राग होता.

यंदाच्या होळीनंतर शेवड्यांनी ठरवलं, घरात कुत्रा पाळायचा.

तुम्ही नीट ऐकलंत ना? कुत्रा पाळायचा! ही बैठक भरली माझ्या डोक्यावर, पहिल्या पायरीवर. मी खाली तिसरीवर. अंबरीशजींच्या हातात मोबाइल, त्यात जातीजातीच्या कुत्र्यांचे व्हिडिओ.

"राखण करणारा हवा," स्नेहलताबाई म्हणाल्या. मी कान टवकारले.

"मुलांवर माया करणारा हवा." मी शेपटी हलवली.

"झाशीचा उन्हाळा सोसणारा हवा. खाणंही बेताचंच पाहिजे." मी उठून उभाच राहिलो. आता आणखी काय करायचं राहिलं होतं, सांगा!

अनुया म्हणाली, "पापा, कालू को ही अंदर ले लेते हैं ना."

"अगं, तो रस्त्यावरचा आहे," स्नेहलताबाई म्हणाल्या. "त्याचा काय भरवसा?"

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. आयुष्य त्यांच्या पायरीवर गेलं, आणि मी रस्त्यावरचा!

आठवड्यानं ग्वाल्हेरहून ब्रूनो आला. लोण्यासारखा रंग, लोंबते कान. त्याला दारात ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं आणि त्याच देवघरावरून आत नेलं. सोवळंओवळं कुठं गेलं म्हणाल? ते बहुधा माझ्यापुरतंच होतं. ब्रूनो सोफ्यावर बसायचा, कूलरसमोर झोपायचा. मी पायरीवरून त्या कूलरचा आवाज ऐकायचो.

ब्रूनोवर माझा राग नाही. तो बिचारा स्वतः चालत आला नव्हता, त्याला पसंत करून आणला होता. पण पसंत करणाऱ्यांनी एक विचार केला नाही, की दिवसभर घरी असतं कोण? अंबरीशजी रेल्वेच्या कचेरीत, स्नेहलताबाई शाळेत शिकवायला, अनुया कॉलेजात. एकटं पडलेलं पिल्लू रडणार नाही तर काय करणार? त्यानं चपला फाडल्या, सोफ्यावर घाण केली. महिना सरायच्या आत त्याला गच्चीवर बांधायला लागले. वैशाखाचं ऊन, पत्र्याची हातभर सावली, आणि तो वरून रडतोय. मी खालून ओ द्यायचो. त्याला तेवढाच आधार.

मग ब्रूनोच्या अंगावर गोचिड्या निघाल्या. डॉक्टरनं औषध दिलं, आणि स्नेहलताबाईंनी दोषी शोधला.

"अहो, हा बाहेरचा दारात बसतो ना, याच्यामुळेच. नगर निगमला फोन करा."

अंबरीशजींनी केला. शनिवार नव्हता तो.

गाडी आली, जाळी आली. मी पळालो नाही. स्वतःच्या दारातून का पळायचं? जाळीवाल्यानं दाराशी येऊन विचारलं, "बाबूजी, पालतू तो नहीं है? किसी का हो तो बता दो, छोड़ देंगे."

मी वर पाहिलं. अंबरीशजी दारातच उभे होते. "नहीं भैया," ते म्हणाले. "आवारा है."

अनुया घरी नव्हती. समोरून भानुमतीबाईंचा आवाज आला, "काय, जौ तो तुमाई देहरी पे पलो है!" म्हणजे, हा तर तुमच्याच उंबऱ्यावर वाढलाय. पण दार लागलं होतं.

पुढचं फार सांगत नाही. पिंजरा होता, सुई होती. पोटाखाली टाके पडले, आणि नसबंदी झाल्याची ओळख म्हणून डाव्या कानाचं टोक कापलं गेलं. तिथं ओरछा गेटमधले आम्ही सगळेच काळे भेटलो, कारण गाडीनं बोळंच्या बोळं साफ केली होती. त्यामुळे मधल्या शनिवारी अंबरीशजींची काय धांदल उडाली, ते मला पुढे अनुयानं सांगितलं. पोळी घेऊन ते गेटच्या आत सगळीकडे फिरले. एकही काळा कुत्रा सापडला नाही. शेवटी ती तेलकट पोळी त्यांनी ब्रूनोला घातली, आणि ब्रूनोनं ती सोफ्यावर ओकली. मी हसलो असतो, पण टाके दुखत होते.

नियम असा आहे, की जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. गाडी मला घेऊन आली तो नेमका शनिवार. अंबरीशजी तेल लावलेली पोळी हातात घेऊन पायरीवरच उभे. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आलात महाराज!" चक्क मराठीत म्हणाले.

जाळीवाला म्हणाला, "टाँके कच्चे हैं, दो-चार दिन कोई देख लेना. बाबूजी, आपका है?"

बघा, पुन्हा तोच प्रश्न. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. सगळं विसरायला तयार होतो मी. 'हो' एवढंच म्हणायचं होतं.

अंबरीशजी पोळी सावरत म्हणाले, "नहीं नहीं भैया, हम तो बस शनिवार को..."

तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून भानुमतीबाई उठल्या. हातातली भाजीची टोपली खाली ठेवली, कमरेला पदर खोचला.

"इते छोड़ दो," त्या म्हणाल्या. "हमाओ आय."

आमचा आहे! ज्या बाईनं जन्मभर अंगावर पाणी ओतलं, तिनं म्हटलं. मी गल्ली ओलांडली. ती पोळी पायरीवरच पडून राहिली. पुढे तिला मुंग्या लागल्या.

आता मी भानुमतीबाईंच्या ओट्यावर असतो. त्या अजूनही मला 'मरे' म्हणतात आणि मग दूधभाकर घालतात. अनुया येते, माझ्या कापलेल्या कानावरून बोट फिरवते, ब्रूनोलाही गच्चीवरून खाली फिरायला आणते. आम्ही दोघं एकमेकांना हुंगतो. त्याच्या गळ्यात पट्टा आहे, माझ्या नाही.

माणसांनो, कुत्रा निवडताना जात बघा, रंग बघा, व्हिडिओ बघा. पण गाडीवाल्यानं कुठल्याही वारी विचारलं, तर "आमचा आहे" म्हणायची छाती आपल्यात आहे का, ते आधी बघा. नसेल तर आम्हाला पायरीवरसुद्धा बसवू नका.

काल पुन्हा शनिवार होता. साडेसाती अजून सरलेली नाही. अंबरीशजी पोळी घेऊन गल्ली ओलांडून आले आणि ओट्याखाली उभे राहिले.

"अम्मा, आपके कालू को रोटी दे दूँ?"

भानुमतीबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ओई से पूछ लो." म्हणजे, त्यालाच विचारा.

मी तोंड फिरवून बसलो.