तिसऱ्या सूचनेआधी

आमच्या चर्चच्या मंडळीत लग्न ठरलं की पाळकसाहेब तीन रविवार सूचना म्हणून मुलामुलीची नावं मोठ्यानं वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कुणाची हरकत असेल तर आताच सांगावी. आजवर कुणी सांगितलेली मी तरी ऐकली नाही. दोन क्षण सगळे खाली बघतात, एखादं पोर रडतं आणि पुढचं गीत सुरू होतं. माझ्या ऋतुराजचं आणि तेजस्वीचं नाव दोन रविवार वाचून झालं होतं. दोन्ही वेळा मीही खाली बघितलं, आणि दोन्ही वेळा हरकत माझ्याच पोटात होती.

ऋतुराजला फिट येते. चौदाव्या वर्षापासून. गोळी वेळेवर घेतली तर काही होत नाही. शेवटची दीड वर्षापूर्वी आली, दोन दिवस गोळी चुकली तेव्हा. पोरगा गुणाचा आहे, इचलकरंजीला कापडाच्या ऑफिसात नोकरीला जातो, एसटीनं जातो आणि एसटीनं येतो. मिरजेच्या एका स्थळाला आम्ही सगळं खरं सांगितलं होतं. चार दिवसांत निरोप आला, मुलीला अजून शिकायचंय. पुढच्याच महिन्यात तिचं लग्न झालं. त्या दिवशी मी ठरवलं, आता सांगायचं ते लग्न झाल्यावर.

"आई, हे बरोबर न्हाय," ऋतुराज म्हणाला.

"तुला काय कळतंय?"

"बरं. तू म्हणशील तसं."

त्याचे वडील गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तो माझ्या शब्दाबाहेर नाही, आणि मी त्याचा फायदा घेते हे मला चांगलं ठाऊक आहे.

डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला मनाई केलीय. आता कोल्हापुरात सत्तावीस वर्षांचा पोरगा आईच्या स्कूटरवर मागं बसतो म्हटल्यावर लोक विचारणारच. "त्याला गाडीची आवडच न्हाय की!" मी हसत सांगायचे. तेजस्वीलाही हेच सांगितलं होतं. मागं बसला की तो मान खाली घालतो, ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून. मला आरशात फक्त त्याचे केस दिसतात.

तर तिसरा रविवार उजाडायचा होता. मी चारला उठले. आमच्या कसबा बावड्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला की पहाटेला मळीचा आंबूस वास घरात येतो, त्या वासात मी स्वयंपाकघरात गुडघे टेकले. प्रभू, मार्ग दाखव. सांगू का नको? पंधरा दिवस हेच चाललं होतं. पवित्र शास्त्र डोळे मिटून उघडलं आणि बोट ठेवलं, तर कोण कुणाचा मुलगा याची लांबलचक यादी निघाली. पुन्हा उघडलं, तर मंडपाच्या खांबांची मापं. देवाला काय माझ्यासारखी एकच बाई आहे?

साडेपाचला मंडळीची फोनवरची प्रार्थना असते. लॉकडाऊनमध्ये सुरू झाली ती अजून चालूच आहे. आमचा तरुण संघाचा विश्वजित सगळ्यांना फोनवर एकत्र जोडतो. सगळे सलाम करतात, कुणीतरी एक प्रार्थना चालवतो आणि शेवटी पाच मिनिटं ज्यानं त्यानं आपापली मूक प्रार्थना करायची. मी सलाम केला, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. मूक प्रार्थना सुरू झाली, पण मला मुक्यानं काही मागताच येत नाही, माझी आई मोठ्यानं करायची, मीही मोठ्यानंच करते.

"प्रभू, ऋतुराजला फिट येते हे मी त्या पोरीपासून लपवलंय. तिच्या आईपासून लपवलंय. तिची काही चूक नाही. मला भीती वाटते रे. माझ्या माघारी त्याला कोण बघेल? तिला कळलं तर ती जाईल. मला सांगायला लावू नको. असं काहीतरी कर की मला सांगायला लागायचं नाही. येशूच्या नावानं मागते, आमेन."

फोनमधून विश्वजितचा आवाज आला, "आमेन. भेटू नऊ वाजता." आणि फोन बंद झाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सलाम करायला मी माइक उघडला होता. तो बंद केलाच नव्हता.

तेवीस माणसं होती. तेजस्वी होती, तिची आई होती, पाळकसाहेब होते. विश्वजितला फोन करून विचारावं, तर काय विचारणार? बाबा, माझं पाप ऐकू आलं का तुला? मी फोन पालथा घातला, सुलटा केला, पुन्हा पालथा घातला. कुणाचाच फोन येईना. एरवी चटणीत मीठ किती घालायचं एवढं विचारायला विहीणबाई फोन करतात. म्हणजे ऐकलंच होतं सगळ्यांनी.

सातला ऋतुराज उठून आला. माझं तोंड बघून म्हणाला, "काय झालं गं?"

मी सांगितलं. तो ओट्याला टेकून तसाच उभा राहिला. मला वाटलं चिडेल, रडेल. तो हळूच म्हणाला, "बरं झालं."

मग त्यानं पोहे मागितले. दोन डिशा खाल्ल्या, वर चहात बुडवून पाव खाल्ला. लग्न ठरल्यापासून पोराचं खाणं निम्म्यावर आलं होतं आणि मी ते गडबडीवर ढकलत होते. त्याला खाताना बघून माझ्याही छातीवरचं काहीतरी उतरलं. भीती होतीच, पण ती आता झालेल्या गोष्टीची होती. व्हायच्या गोष्टीची भीती फार वाईट, ती माणसाला बसू देत नाही. मी चक्क खुर्चीत बसून चहा प्याले.

पावणेनऊला आम्ही चर्चच्या आवारात शिरलो. मी स्कूटर लावते तोवर विहीणबाई हात पसरून आल्या. "सलाम विहीणबाई! अहो, साडीचं ब्लाउज कधी टाकायचं शिवायला?" हसत होत्या. मागून तेजस्वी आली, तिनंही वाकून सलाम केला. मला काही कळेना.

विश्वजित बाकांवर गीतांची पुस्तकं ठेवत होता. मी त्याला गाठलं. "अरे, सकाळी माझा आवाज..."

"न्हाय आला, काकू. मूक प्रार्थना लागली की मी समद्यांचं माइक बंद करतोय. गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्याच ऐकत बसलतो आपण! का वो?"

"काही नाही," मी म्हणाले.

म्हणजे कुणीही ऐकलं नव्हतं. मी मागितलं होतं ते मिळालं होतं. गप्प बसायचं, खाली बघायचं, गीत म्हणायचं. आभार मानायला हवे होते. पण सकाळी उतरलेलं ओझं कुणीतरी उचलून पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवल्यासारखं झालं, आणि आता ते आधीपेक्षा जड होतं, कारण उतरल्यावर कसं वाटतं ते मला कळलं होतं.

ऋतुराज माझ्या मागेच उभा होता. त्यानं विश्वजितचं सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याची मान खाली गेली, स्कूटरवर जाते तशी.

ती मान मीच खाली घालायला लावली होती. आजारानं नव्हे, मी.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी तेजस्वीच्या दंडाला धरलं आणि तिला आवारातल्या विहिरीच्या कठड्याशी नेलं. "तेजस्वी, ऋतुराजला फिट येते. लहानपणापासनं. गोळ्या चालू आहेत. तो सांगूया म्हणत होता. मी सांगू दिलं न्हाय."

तिनं गोळीचं नाव विचारलं. मी सांगितलं. ती शाहूपुरीतल्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, हे मी त्या क्षणी विसरले होते.

"दिवसातनं चार-पाच जणांना हीच गोळी देतो आम्ही, काकू," ती म्हणाली. "लोक मला, अनोळखी पोरीला, सांगतात. तुम्हाला सांगाय काय झालतं?"

"भ्यायले."

"आणि गाडीची आवड न्हाय म्हणालता, ते?"

"खोटं."

तिनं ओढणीनं डोळे पुसले. "पाळकसाहेबांना सांगा, आज वाचू नका."

मी जाऊन सांगितलं. दुसऱ्या गीतानंतर पाळकसाहेबांनी हातातला कागद बघितला, त्याची घडी घातली आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना करूया म्हटलं. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं. दोघी तिथेच कुजबुजत होत्या. मी काय प्रार्थना केली म्हणाल तर काहीच नाही, नुसती बसून होते. मला रडू येत होतं आणि लाज वाटत होती, पण सांगू का नको, हे एकदाचं संपलं होतं.

चर्चमधली भक्ती सुटली. विहीणबाई माझ्याकडे न बघता रिक्षात बसल्या. मी आणि ऋतुराज स्कूटरपाशी आलो, तर तेजस्वी तिथं उभी होती.

"मला याच्याशी बोलायचंय. याच्याशीच," ती म्हणाली. "काय ठरवायचं ते मी अजून ठरवलेलं न्हाय. उद्या याच्या डॉक्टरांना भेटणाराय. तुम्ही यायचं न्हाय."

"बरं," मी म्हणाले.

तिनं हात पुढे केला. "किल्ली द्या."

मी दिली. तिनं स्कूटर वळवली. ऋतुराज मागं बसला. फाटकात मंडळीचे झाडून सगळे उभे होते, विश्वजित होता, त्याच्या वयाची चार पोरं होती. स्कूटर त्यांच्या मधून गेली.

तिचं काय ठरेल, ते मला ठाऊक नाही. मी बावड्याची रिक्षा धरली. पण फाटकातून बाहेर पडताना मी पाठमोऱ्या पोराकडे नीट बघितलं होतं. त्याची मान ताठ होती.