ढोलीच्या तोंडचा अंधार

मित्रांनो, मी एक जुनी ढोली आहे. दूर दक्षिणेच्या समुद्रात, राकिउरा बेटाशेजारच्या चिमुकल्या बेटावर, राता नावाच्या झाडाच्या मुळाशी माझा मुक्काम. झाड आतून कुजत गेलं, तशी मी घडत गेले. तोंडावर नेच्यांचा दाट पडदा, आत कोरडा भुसा, आणि अंधार. एवढीच माझी श्रीमंती.

कोहू माझ्याकडे दिवसाची झोपायला यायची. ती काकापो, शेवाळी रंगाची, गुबगुबीत, पंख असून न उडणारी पोपटीण. रात्रभर रानात चालायची आणि उजाडू लागलं की नेचे सारून आत शिरायची. अंगाला मधाचा वास. रोज नाही यायची. कधी झुडपाखाली, कधी कपारीत राहायची. पण वादळवाऱ्यात हमखास माझ्याच कुशीत. तिच्या जातीची मोजकीच उरलीत, म्हणून पिरिहिरा आणि तिचा भाचा तामाहाऊ त्यांची राखण करतात.

तामाहाऊचा कोहूवर भारी जीव. एकदा ती दुसरीकडे असताना त्यानं माझे नेचे कापले, भुसा उपसला, तोंड रुंद केलं.

"मावशी, बघ! महाराणींचा महाल!"

पिरिहिरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे वेड्या, स्वतःच्या खोलीत कधी झाडू फिरवला नाहीस, आणि नेमकं हिचं घर आवरलंस?"

"आत किती काळोख होता गं!"

"काळोखासाठीच यायची ती, बाळा."

मग गारांची पहाट आली. कोहू भिजून दाराशी उभी राहिली. उजेड थेट माझ्या पोटापर्यंत आला होता. आभाळातून झडप घालणारे मोठे शिकारी पक्षी कधीच संपले, पण त्यांचं भय तिच्या रक्तात उरलंय. ती माघारी वळली. मला हाक मारता आली असती तर!

ओढ्याकाठच्या गवतात ती दडली आणि ओढा चढला. राखणीसाठी तिच्या पाठीवर बसवलेल्या यंत्राच्या संकेतावरून माग काढत तामाहाऊ धावला. स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेली कोहू लाकडासारखी ताठ होती.

"जगेल ना गं, मावशी?"

"बोलू नकोस. चाल आधी."

जगली ती. उपचार होऊन रानात परतलीही. पहाटे माझ्यासमोरून जाते, मधाचा वास येतो, पण पावलं थबकत नाहीत.

तामाहाऊनं नवे नेचे लावलेत. येतो, पाणी घालतो, माझ्याकडे पाठ करून बसतो. आत डोकावत नाही. एक कोंब अजून मूठ आवळून आहे. तो उलगडेल, पडदा दाटेल, तोवर कोहू मला विसरली नाही म्हणजे मिळवली.

मित्रांनो, कुणावर माया कराल तेव्हा त्याला काय हवंय तेही बघा. आणि माझं पोट तेवढं झाडू नका. माझा अंधार मला राहू द्या.